रात्रीचे फोटो तासाभरानं धूसर व्हायला लागतात, तेव्हा काय बघायचं

लक्षण सांगतो, ओळखीचं वाटतं का बघा. रात्री नऊच्या सुमारास ट्रायपॉड लावला, ताऱ्यावर फोकस केला, पहिले पाच-सहा फोटो सुरेख आले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून पाहिलं, तारे टाचणीच्या टोकासारखे. मग ठरावीक अंतरानं आपोआप फोटो घेणारा इंटरव्हलोमीटर लावला आणि आपण चहाकडे वळलो. घरी येऊन लॅपटॉपवर फाइली उघडल्या तर दहानंतरचं सगळं धूसर. कॅमेऱ्याला कोणी हात लावला नव्हता, फ्रेम तीच, सेटिंग तेच.

माझ्या बाबतीत हे दोन हिवाळे चाललं. पहिल्यांदा वाटलं, लेन्सच सुमार आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स होती, तेव्हा संशय घ्यायला वेळ लागला नाही. दुसऱ्यांदा ट्रायपॉडला दोष दिला आणि जड ट्रायपॉड घेतला. तो गडावर वाहून नेताना खांदे भरून आले, फोटो मात्र तसेच. तिसऱ्यांदा एका दुरुस्तीवाल्याकडे लेन्स दिली. त्यानं ‘फोकस ॲडजस्ट केलाय’ म्हणून पैसे घेतले. पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच.

उलगडा झाला भंडारदऱ्याला, जलाशयाकाठी, डिसेंबरात. ज्यांच्या शेतात तंबू लावले होते ते मामा दहाच्या सुमारास येऊन म्हणाले, “दादा, गोधड्या आत घ्या. दहिवर पडतंय, चिंब होतील.” गोधड्या उचलल्या तर खरंच वरची बाजू ओली. मोटारसायकल उघड्यावर होती, तिच्या सीटवर बोटानं रेघ ओढता येत होती. सोबत्याची गाडी आंब्याखाली होती, तिची सीट कोरडी ठाक. मी ते बघितलं, सीट पुसली, आणि शेकोटीपाशी जाऊन बसलो. कॅमेरा त्याच उघड्यावर, त्याच आकाशाखाली दीड तास उभा होता, हे डोक्यात यायला आणखी वीस मिनिटं लागली. मग हेडटॉर्च लाल करून लेन्ससमोर तिरपा धरला. काचेवर पिठी साखर भुरभुरवावी तसा दवाचा थर.

त्या रात्रीच्या फाइली वेळेनुसार लावून पाहिल्या. ९:२० ला व्याध म्हणजे एक टोकदार पांढरा ठिपका. १०:०५ ला त्याच्याभोवती चंद्राला पडतं तसं बारीकसं खळं. १०:५० ला तो रस्त्यावरच्या धुक्यातल्या दिव्यासारखा फुगलेला, आणि मृगाच्या आसपासचे बारके तारे पुसून टाकल्यासारखे गायब. बिघाड टप्प्याटप्प्यानं वाढत गेला होता. कॅमेऱ्याला धक्का लागला असता तर एका फोटोपासून पुढे सगळं एकदम बिघडलं असतं.

म्हणून पहिला सल्ला: लेन्स, ट्रायपॉड, कॅमेरा, काहीही विकत घेण्याआधी जुन्या बिघडलेल्या फाइली वेळेच्या क्रमानं लावा. मधला एक ठळक तारा आणि कोपऱ्यातला एक तारा शंभर टक्के मोठा करून बघा. ताऱ्याचा आकार कसा बिघडलाय, यावरून चोर सापडतो. ‘ब्लर आला’ एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

दव असेल तर ताऱ्याभोवती खळं दिसतं, पण मध्ये ठिपका शिल्लक असतो. काळे भाग राखाडी होतात, हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाची, डावी कड थोडी आत सरकते. फोकस चुकला असेल तर खळं नसतं, ताऱ्याची चकती होते, सगळ्या फ्रेममध्ये सारख्याच आकाराची. पुष्कळ चुकला तर कधीकधी कंकणासारखी पोकळ. ट्रायपॉड हलला असेल तर प्रत्येक तारा एकाच तऱ्हेचं वेडंवाकडं अक्षर काढतो, आणि समोरचा खडक किंवा झाडाचं खोडही त्याच दिशेनं दुहेरी दिसतं. तारे लांबट पण खडक कडक असेल, तर हलली ती पृथ्वी. आणि मधले तारे नीट, फक्त कोपऱ्यातले पंख फुटल्यासारखे असतील, तर तो लेन्सचा स्वभाव. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एक स्टॉप (प्रकाश निम्मा होईल इतकं) बंद करा, बरंचसं निवळतं.

दवाचं गणित

आपण दव ‘पडतं’ म्हणतो, पण ते वरून पडत नाही. उघडी वस्तू निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होते. ती दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या, खाली गेली की हवेतली वाफ तिच्यावर बसते. आंब्याखालची सीट कोरडी का राहिली, त्याचं उत्तर इथे आहे: तिच्यावर आकाशाऐवजी पानांचं छत होतं. आपली लेन्स मात्र मुद्दाम आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच. ती जितकी वर रोखाल तितकी लवकर भिजते. आणि आपल्याला हवी असते ती रात्र, निरभ्र, वारा पडलेली, बिनचंद्राची, हीच दवाला सर्वात सोयीची.

निघण्यापूर्वी मोबाइलवर हवामान बघताना ढगांबरोबर आर्द्रताही बघा. ढोबळ हिशेब असा की आर्द्रता शंभराच्या खाली दर पाच टक्क्यांना दवबिंदू हवेच्या तापमानापेक्षा एका अंशानं खाली असतो. म्हणजे ९० टक्के आर्द्रतेला काच जेमतेम दोन अंश गार झाली की संपलं. ५० टक्क्यांना दहा अंशांचं अंतर आहे, निवांत झोपा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत सह्याद्रीत, त्यातही धरणाकाठी आणि भातखाचरांच्या आसपास, दव जवळपास ठरलेलं. मार्च-एप्रिलमध्ये देशावर कोरडं पठार असेल तर हा त्रास सहसा होत नाही. आकाशगंगेचा गाभा टिपायला येणारी मंडळी त्याच दिवसांत, पहाटे, बाहेर पडतात. त्यामुळे ‘मला कधी दव लागलंच नाही’ असं सांगणारेही बरेच भेटतात. ते खोटं बोलत नसतात, त्यांचा महिना वेगळा असतो.

कोकणात आणखी एक प्रकार होतो. एसी गाडीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर काढला की तो बाहेर काढल्याकाढल्याच धुरकटतो, आणि तेही समोरच्या काचेवर, व्ह्यूफाइंडरवर, सगळीकडे. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. तिथे लेन्स बदलायची घाई केलीत तर सेन्सरपर्यंत ओल जाईल.

पुसणं हा उपाय नाही

हे मी ठासून सांगतो, कारण माझं दुखणं दव कळल्यावरही गेलं नाही, आणि ते याच्यामुळे. कारण सापडल्याच्या आनंदात मी पुढच्या वेळी मायक्रोफायबरचं कापड घेऊन गेलो. दर वीस मिनिटांनी काच पुसायची. काच गारच होती, तेव्हा पुसल्यावर पाच-सात मिनिटांत पुन्हा थर. शिवाय घरी पाहिलं तर नवीनच तऱ्हा: खळं नाही, पण सगळे तारे छोट्या चकत्या झालेले, आणि तेही अचानक एका फोटोपासून. पुसताना माझा अंगठा फोकस रिंगला लागला होता. अंधारात एक मिलिमीटर फिरलेली रिंग जाणवत नाही. म्हणजे एका चोराला पकडताना दुसऱ्याला मीच दार उघडून दिलं होतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही ‘धूसर’च.

काच गार होऊ न देणं, हा एकच खरा उपाय. त्यासाठी लेन्सला गुंडाळायचा गरम पट्टा मिळतो, पॉवर बँकेवर चालणारा. दुर्बिणी वापरणारे आकाशनिरीक्षक हे फार पूर्वीपासून करतात. काच तापवायची नसते, हवेपेक्षा एखाद-दोन अंश उबदार राहिली तरी पुरे. म्हणून पट्ट्याला कमी-जास्त करायचं बटण असेल तर सर्वात कमीवर ठेवा, बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकं. ५ वॅटचा पट्टा १०,००० एमएएचच्या चांगल्या पॉवर बँकेवर पाच-सहा तास निघतो. मोबाइलसाठी वेगळी बँक ठेवा, नाहीतर पहाटे परतीच्या वाटेवर नकाशा बंद पडेल.

पट्टा नसेल तर जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून टाकून उरलेली नळी लेन्सवर चढवायची आणि आत ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारी हात शेकायची पुडी ठेवायची. ती पुडी हवेतल्या ऑक्सिजनवर गरम होते, म्हणून करकचून बांधू नका, नाहीतर विझल्यासारखी गार पडते. लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची आडोशाची कड, लावलेला असला की काचेला आकाश कमी दिसतं, तेवढाच वेळ मिळतो. पूर्ण उपाय नाही, पण फुकट आहे. लेन्सवर संरक्षणासाठी चढवतात तो यूव्ही फिल्टर मात्र काढून ठेवा. तो लेन्सपेक्षा पातळ, म्हणून आधी गार होतो, आणि ठळक दिव्याचं उलटं प्रतिबिंब फोटोत आणतो ते वेगळंच.

आता क्रम. आधी पट्टा बांधायचा, लेन्सच्या अगदी पुढच्या कडेला, फोकस रिंगच्या पुढे. त्याची वायर ट्रायपॉडच्या पायाला दोन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधायची. लोंबती ठेवलीत तर वाऱ्यावर हलेल आणि ताऱ्यांना शेपट्या फुटतील, हाही अनुभव घेऊन झालाय. मग पट्टा चालू करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण लेन्सचं तापमान बदललं की फोकस किंचित सरकतो. तोवर फ्रेम ठरवा, चहा घ्या. त्यानंतर फोकस. आणि फोकस झाला की रिंगवर मास्किंग टेपचा एक तुकडा. फोकस करून मग पट्टा चढवणारे बरेच असतात आणि चढवतानाच रिंग फिरवतात.

फोकसबद्दल दोन गोष्टी

लेन्सवरच्या आडव्या आठाच्या, म्हणजे अनंताच्या, खुणेवर विसंबू नका. बहुतेक लेन्स त्या खुणेच्या पलीकडेही फिरतात, आणि कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या किट लेन्सवर तर ती खूणच नसते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं थेट दृश्य, चालू करा, सर्वात ठळक तारा मधोमध आणा, दहापट मोठा करा आणि रिंग हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवून ठिपका सर्वात लहान कुठे होतो ते पकडा. तारा सापडत नसेल तर दूरच्या गावातला दिवा चालतो, किमान अर्धा किलोमीटर लांबचा. झूम लेन्स असेल तर आधी झूम ठरवा, मग फोकस. १८ वर फोकस करून नंतर २४ वर नेलंत तर फोकस तिथेच राहील याची खात्री नाही.

रिंग थेट भिंगाला न जोडता मोटरला सांगणाऱ्या नव्या लेन्समध्ये आणखी एक मेख असते. कॅमेरा झोपला किंवा बंद केला की काही लेन्स फोकसची जागा विसरतात. तिथे टेपचा काहीच उपयोग नाही. तुमच्याकडचे फोटो बॅटरी बदलल्यापासून बिघडत असतील तर हाच संशय घ्या. कॅमेरा झोपायची वेळ मेनूतून जितकी वाढवता येईल तितकी वाढवा आणि बॅटरी बदलल्यावर पुन्हा फोकस करा.

समोरचा खडक धूसर आणि तारे चोख, अशी तक्रारही येते. हा बिघाड नव्हे. १८ मिमी, अ‍ॅपर्चर एफ ३.५, क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), फोकस अनंतावर, एवढं असताना साधारण साडेचार मीटरच्या अलीकडचं सगळं सैल दिसणार. एक तर खडकापासून मागे सरा, नाहीतर खडकावर टॉर्च टाकून त्याच्यासाठी वेगळा फोटो घ्या आणि घरी दोन्ही जोडा. मी बहुतेकदा मागे सरतो.

ज्यांना उगाच बदनाम केलं जातं

डीएसएलआरचा आरसा उचलतानाचा धक्का. लोक त्यासाठी मिरर लॉकअप, म्हणजे आरसा आधीच उचलून ठेवायची सोय, शोधत मेनू पालथे घालतात. तो धक्का खरा आहे, पण तो जाणवतो साधारण एक-साठांश सेकंद ते एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं असताना. २० सेकंदांच्या फोटोत पहिल्या अर्ध्या सेकंदाच्या कंपनाचा हिस्सा किती? नगण्य. शटरचं बटण बोटानं दाबणं मात्र टाळाच, दोन सेकंदांचा टायमर पुरतो.

ट्रायपॉडवर लेन्समधलं, हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण बंद करायचं, हे बहुतेकांना माहीत असतं आणि तरी राहून जातं. हात नसलेल्या ठिकाणी ते हात शोधत बसतं आणि स्वतःच भिंग हलवतं. कॅमेऱ्याचा गळ्यात अडकवायचा पट्टा काढून खिशात घाला. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. बॅग खाली टांगायची असेल तर ती जमिनीला टेकेल इतकी लांब टांगा, कारण झुलणारी बॅग नसलेली बरी. गवतावर ट्रायपॉड ठेवला असेल आणि तुम्ही भोवती फेऱ्या मारत असाल तर त्या पावलांचीही नोंद होते. कातळ सापडला तर कातळावरच. समुद्रकिनारी ओल्या वाळूत पाय दर लाटेला रुतत जातात. तिथे आधी पाय दाबून खोलवर रोवा, आणि तरी तीस सेकंदांची आशा धरू नका.

राहता राहिली पृथ्वी. ती तासाला १५ अंश फिरते. ५०० ला फोकल लेंग्थनं (लेन्सच्या मिमीनं) भागायचं, तितके सेकंद तारे लांबट होत नाहीत, हा नियम सगळे सांगतात. क्रॉप सेन्सरवर १८ मिमी म्हणजे २७ धरायचे, उत्तर येतं अठराच्या आसपास सेकंद. पण २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्या वेळात तारा सहा पिक्सेल सरकतो आणि शंभर टक्क्यांवर तो सरळसरळ लांबट दिसतो. फेसबुकवर टाकायला चालेल, मोठी प्रिंट काढायची असेल तर १२-१३ सेकंदांवर या. दिशाही महत्त्वाची. मृगातला बाण जवळपास खगोलीय विषुववृत्तावर आहे, तिथले तारे सर्वात जोरात पळतात. उत्तरेला, आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असलेल्या ध्रुवाजवळचे तारे जेमतेम हलतात. एकाच सेटिंगला उत्तरेचा फोटो नितळ आणि पूर्वेचा लांबट आला, तर कॅमेऱ्यात काही झालेलं नाही.

लाल-निळे ठिपके दर फोटोत त्याच जागी दिसतात, त्याचा धूसरपणाशी संबंध नाही. ते सेन्सर तापल्याचे. उन्हाळ्यात जास्त येतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शननं जातात, पण त्यात कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तितकाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो घेतो. अनेक फोटो जोडून ताऱ्यांच्या रेघा करायच्या असतील तर मध्ये भोकं पडतील. तेव्हा ते बंद ठेवा, आणि शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगचे पाच-दहा फोटो स्वतः घ्या.

आता पंधरा-वीस मिनिटांनी मी एकदा उठतो आणि तीनच गोष्टी बघतो. लाल टॉर्च लेन्ससमोर तिरपा धरून काच. ताज्या फोटोतला एकच ठळक तारा, पूर्ण मोठा करून. आणि हिस्टोग्राम, कारण अंधारात सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन इतकी उजळ दिसते की काळा पडलेला फोटोही झकास वाटतो. स्क्रीनची चमक सर्वात कमीवर आणून ठेवलीय. टॉर्च लावण्यापूर्वी शेजारी कोणाचं एक्स्पोजर चालू आहे का, ते विचारायचं.

झालं त्या फोटोंचं काय? दवाचं बारीक खळं असेल तर सॉफ्टवेअरमधला, धुरकटपणा कमी करणारा डीहेझचा स्लायडर थोडा ओढून फोटो वाचतो. ताऱ्यांच्या फोटोत हलकं खळं वाईटही दिसत नाही, ठळक ताऱ्यांचे रंग उलट उठून येतात. यासाठी काही जण मुद्दाम धूसर फिल्टर विकत घेऊन लावतात. माझी १०:०५ ची फाइल अशीच. रोहिणी तांबूस, व्याध निळसर पांढरा, खाली पाण्यात दोन-तीन दिव्यांच्या रेघा. घरात फ्रेम करून लावलेला रात्रीचा एकमेव फोटो तोच आहे. १०:५० नंतरच्या फाइली मात्र काही केल्या सुधारल्या नाहीत, आणि अंगठ्यानं फोकस घालवलेल्या तर कुठल्याच सॉफ्टवेअरनं.